नदीला मेहेर देणारा माणूस

समुद्रापासून इतक्या लांब राहून, समुद्र जन्मात एकदाही न पाहता, समुद्रात बुडालेल्या जहाजांची आमच्या घरमालक चाचांइतकी काळजी वाहणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. हे मी छापून, चौकात वाटून, खाली सही करून सांगायला तयार आहे. मी पत्रकं लिहिणारा माणूस. अतिशयोक्ती मी सरकारी अहवालांसाठी सोडून दिलेली आहे. बंदरातल्या लोकांना जहाज बुडाल्याचं दुःख चार दिवस होत असेल. चाचांना शेकडो वर्षांपूर्वी, कुठल्याशा परक्या मुलखाच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजाची बातमी कळली, की जेवण जात नसे. ताट सरकवून ते म्हणत, "मोहराच मोहरा होत्या बाबू त्याच्यात! अन् कोणी पायले बी गेलं नाई!" जणू ते स्वतः काठावर हजर असते, तर लुंगी वर खोचून तेवढ्यात काढून आणल्या असत्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी संघटनेच्या कामासाठी नागभीडहून अहेरीला आलो. बाजाराच्या रस्त्यावर चाचांचं दुकान होतं. गॅसबत्त्या, स्टोव्ह, टॉर्च दुरुस्त होत आणि लग्नकार्याला बत्त्या भाड्याने मिळत. दुकानामागची खोली रिकामी होती. खोली देण्याआधी घरमालक जात विचारतो हा माझा अनुभव, आणि त्या प्रश्नासाठी मी एक जळजळीत उत्तर घोकून ठेवलं होतं. चाचांनी विचारलं, "खिशात चिल्लर आहे का?" मी चिल्लर काढून हातावर ठेवली. त्यांनी एकेक नाणं डोळ्यांशी नेलं, वास घेतला, एक दाताखाली धरलं आणि सगळी चिल्लर परत केली. "काई नाई याच्यात. राहा." माझं जळजळीत उत्तर आजतागायत कोरं करकरीत पडून आहे.

आमच्या भागात तेव्हा गुप्तधनाचं खूळ माजलं होतं. कुठला तरी बाबा यायचा, अमक्याच्या शेतात मोहरांचा हंडा आहे म्हणून सांगायचा, कोंबडं, नारळ, दक्षिणा उकळायचा आणि शेतात खड्डा खणून पसार व्हायचा. लोक खड्ड्याकडे बघत बसायचे. माझं डोकं फिरलं आणि मी पत्रक काढलं: 'जमिनीत हंडा नाही, आपला घाम आहे! भोंदूंना जाब विचारा!' शाई वाळायच्या आत पहिली प्रत चाचांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बराबर लिहिलं. पण याच्यात पाण्यातल्या धनाचं काईच नाई."

"चाचा, तेही थोतांडच आहे."

"तसं नाई ना बाबू. जमिनीत पुरणारा माणूस शहाणा असते. तो परत येऊन काढून नेते. पाण्यात पुरत नाईत, बुडते. बुडालेलं जिथलं तिथंच राह्यते. लाइन अलग आहे." आणि पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला नदी काढून दाखवली. वळण, घाट, डोह. डोहावर पेन्सिलीने इतक्या जोरात फुली मारली, की पुढच्या बाजूच्या भोंदूंना भोक पडलं.

ही 'लाइन' त्यांनी धरली ती स्वतःच्या लग्नाच्या दिवशी. चाची सिरोंच्याकडची. निकाह तिच्या माहेरी झाला. निकाहात नवऱ्याने नवरीला मेहेर द्यायची असते. ती एकदा दिली की तिची, तिच्यावर ना सासऱ्याचा हक्क ना नवऱ्याचा. (हा भाग मला फार आवडतो. बाकीच्यांनी शिकावा.) चाचांच्या वडिलांनी घरात जपलेली एकुलती एक सोन्याची पुतळी मेहेर म्हणून काढून दिली. आपल्याकडे बायका पुतळ्यांची माळ घालतात; तिच्यातल्या चकत्या सोनाराने ठोकलेल्या, पण ही अस्सल होती, परदेशातून जहाजाने आलेलं जुनं नाणं. चाचीने ती आपल्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली आणि वरात अहेरीकडे निघाली. वाटेत नदी. पावसाळा नुकताच सरला होता, डोंग्याशिवाय उतार नव्हता. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली होडी. तिच्यात बसलेल्याने शिंकायचं तेही दोन्ही बाजूंना सारखं वजन टाकून. ऐन मध्यावर नवरदेव उभे राहिले. का उभे राहिले, यावर दोन मतं आहेत. चाचांच्या मते, मोठा मासा दिसला आणि तो नवरीला दाखवायचा होता. चाचीच्या मते, काठावर दोस्त उभे होते आणि त्यांना शेरवानी दाखवायची होती. डोंगा कलंडला. माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली, शेरवानीसकट. पेटी मात्र घरंगळत पुढच्या डोहात गेली ती गेलीच.

"निकाह माझ्यासंग केला अन् मेहेर नदीले देऊन आला," हे वाक्य चाची घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी ऐकवत असे. नदीला ती 'सवत' म्हणे. उन्हाळा लागून पाणी उतरलं आणि चाचा खांद्यावर जाळं, हातात टोपलं घेऊन निघाले, की ती दारातूनच विचारी, "चालले का सवतीकडं? माझा सलाम सांगा." आणि खरं सांगायचं तर चाचांना तिचा टोमणा लागत नसे, एक अपमान लागत असे. साता समुद्रांपलीकडून ती पुतळी आली, वादळात सापडली नाही, लुटारूंच्या हाती पडली नाही, आणि आमच्या नदीत, गळ्याइतक्या पाण्याशेजारी बुडाली! याचा छडा लावायचा म्हणून त्यांनी जगातल्या सगळ्या बुडालेल्या धनाचा अभ्यास सुरू केला.

पहिला अभ्यास नाण्यांचा. कारण पुतळी सापडली तर ओळखू यायला हवी. होन कसा, मोहर कशी, राणीछाप कशी, हे ते सोनारांच्या दुकानांत तासन् तास बसून शिकले. सोनार त्यांना बसू देत, कारण दिव्याची वात ते फुकट नीट करून देत. पण सवय अशी जडली, की हातात आलेली कोणतीही गोल वस्तू आधी नाकाशी आणि मग दाताखाली जायची. बिस्किटसुद्धा ते आधी एका कडेला चावून, थांबून, खात्री करून मग खात. एकदा तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी कागदावर मारायला गोल शिक्का काढला, तर चाचांनी तो हुंगला. त्यांचा संग्रह एका लाकडी डब्यात होता. आत बँडवाल्यांच्या जुन्या कोटाची लाल मखमल, मखमलीत नाण्यांच्या मापाचे खळगे. तांब्याची नाणी, चांदीचे झिजलेले रुपये, भोकाचा पैसा. सगळ्यांत वरचा, मानाचा खळगा रिकामा. कोणी बघायला आलं की चाचा बाकीची नाणी भराभर दाखवून टाकत आणि त्या रिकाम्या खळग्यापाशी येऊन आवाज खाली आणत. "ही पुतळी. एका बाजूले दोन माणसं समोरासमोर, मधात काठी. दुसऱ्या बाजूले एक माणूस चांदण्यांत उभा." पाहुणा मान डोलवून रिकाम्या खळग्याचं कौतुक करी. आतून चाचीचा आवाज येई, "ते चांदण्यांत उभा राह्यलेला म्हणजे हे. डोंग्यात बी तसेच उभे होते. अन् काठी घेऊन भांडून राह्यले ते आम्ही दोघं."

दुसरा अभ्यास जहाजांचा, आणि त्याला अहेरीत साधनं कमी. एकदा हॉटेलातल्या भज्यांच्या पुडीत वर्तमानपत्राचा तुकडा आला: समुद्राच्या तळाशी सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं जहाज सापडलं आहे आणि ती नाणी... इथे कागद फाटलेला. चाचा तसेच उलट्या पावली हॉटेलात गेले आणि उरलेला तुकडा येईपर्यंत भजी मागवत बसले. हॉटेलवाल्याने त्या गठ्ठ्यातला कागद संपवला, बेसन संपवलं. चाचांना शेवटी क्रिकेटचे निकाल, दोन श्राद्धाच्या जाहिराती आणि पोटात कळ एवढंच मिळालं. रात्रभर ते अंगणात येरझारा घालत होते, पण तोंडात एकच: "नाणी... काय झालं असल त्या नाण्यांचं?" बँकेत कोकणातले एक साहेब बदलून आले. आमच्याकडे बदली म्हणजे शिक्षा, त्यामुळे साहेब आधीच दुःखी. चाचांनी त्यांना गाठलं. "साहेब, समुद्र पायला का?" साहेब म्हणाले, रोज पाहायचो. "मंग एवढे वर्षं काठावर राहून काढलं काय काय?" साहेब म्हणाले, मासे खाल्ले. चाचांना माणसाच्या आळसाचं इतकं वाईट वाटलं, की त्यांनी साहेबांचा स्टोव्ह आठवडाभर दुरुस्त केला नाही.

मासे हा घरातला आणखी एक तंट्याचा विषय. बाजारातून आलेला मासा चाचांच्या देखरेखीशिवाय चिरायचा नाही असा नियम होता. न जाणो, पुतळी गिळली असेल. चाची विळीवर, चाचा टॉर्च घेऊन शेजारी. "पोट हळू काप. हळू!" चाची मला हाक मारून साक्षीला बसवी. "पाहून राह्यले ना जी बाबू? या माणसाले मासा नाई लागत, तिजोरी लागते." मी दोघांनाही शास्त्रीय दृष्टिकोन समजावून सांगू लागे, आणि तेवढ्या बाबतीत नवरा-बायकोचं एकमत होऊन मला पाणी आणायला पाठवत.

पण भोंदूंचं आणि त्यांचं कधी जमलं नाही, हे मी ठणकावून सांगतो. ज्या बाबाविरुद्ध मी पत्रक काढलं, तो एकदा पुतळीची कीर्ती ऐकून दुकानातच आला. काळी कोंबडी द्या, अमावस्येला डोहावर मंत्र टाकतो, पेटी आपोआप वर येईल. चाचांनी शांतपणे बत्तीला हवा भरत विचारलं, "तुमची कोंबडी पोहते का?"

"नाही."

"मंग ते खाली जाऊन पेटी पायणार कशी? घेऊन जा कोंबडी. पोहणारी भेटली तर आणा."

माझ्या तीन पत्रकांनी जे झालं नाही ते या वाक्याने झालं. बाजारभर पोरं बाबाच्या मागे "कोंबडी पोहते का" ओरडत फिरली, आणि बाबाने तालुका सोडला.

चाचांची स्वतःची पद्धत मात्र पक्की, हाताने करून पाहायची होती. पेटी नेमकी कुठवर गेली असेल हे काढायचं, तर तशीच पेटी, तेवढंच वजन, त्याच जागेवरून सोडायची आणि कुठे जाते ते पाहायचं. दर वर्षी पावसाळा सरला की ते दुकानातल्या पत्र्याची पेटी बनवत, आत दगड भरत, दोरी बांधत आणि मध्यावर जाऊन सोडत. दर वर्षी दोरी तुटे. नदीत चाचीची पेटी एक आहे. चाचांच्या किती असतील ते नदीलाच ठाऊक. शिवाय लोकांचा त्रास. नदी ओलांडताना हात जोडून एखादं नाणं पाण्यात टाकायचं ही तिथली रीत, आणि चाचांच्या टोपल्यात वाळूबरोबर येत ती हीच नाणी. उन्हात चकाकलं, की काळीज हलायचं. हातात घ्यावं तर दहा पैसे. म्हणून डोंग्यात बसले, की ते ओरडत, "टाकू नका जी! माझा हिसाब बिघडते!" नदीत पैसे टाकणं ही अंधश्रद्धा आहे असं मीही त्याच डोंग्यात बसून सांगत असे. लोक माझ्याकडे दुर्लक्ष करत, चाचांना घाबरत.

एका उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे इतकं आटलं आणि डोहाच्या कडेला, गढूळ पाण्याखाली, चाचांच्या पायाला लाकूड लागलं. चाचपून पाहिलं तर डोंग्याचं टोक. ते धावत गावात आले ते चपला नदीतच विसरून. "भेटला! माझ्या लग्नातला डोंगा भेटला! पेटी याच्याखालीच असल!" अर्धी अहेरी काठावर जमली. गर्दी दिसली की मी बोलतो. एका खडकावर चढून मी गुप्तधनाच्या नादाने समाज कसा मागे पडतो यावर भाषण सुरू केलं, पण एकही डोकं माझ्याकडे वळलेलं नव्हतं. दोर लावून डोंगा ओढला. आत गच्च दगड भरलेले. आणि तेवढ्यात गर्दी फोडून चाची आली. जन्मभर सवतीचं तोंड पाहणार नाही म्हणणारी बाई, पदर सुटलेला, हाताला पीठ, पायात चप्पल नाही. माझं भाषण तिथेच थांबलं.

तिच्या पाठोपाठ घाटावर डोंगा चालवणारी ढिवरीण बाई आली, ती शिव्या देतच. "काऊन जी चाचा, माझा डोंगा काऊन काढून राह्यले तुम्ही? उन्हानं खोड तडकते म्हणून दरसाली दगड भरून पाण्यात ठेवतो आम्ही. नदीकाठी जन्म गेला अन् एवढं मालूम नाई?"

"तुझा? हा तर माझ्या लग्नात बुडालेला..."

"तुमच्या लग्नातला तर माझ्या सासऱ्यानं तवाच सरळ केला होता! नाई तर तुम्ही त्या काठाले गेले कसे, उडत?"

जो हशा उठला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असेल. सगळ्यांत मोठ्याने चाची हसली. "यायले तो मासा आठवते, डोंगा नाई आठवत!" हसत हसतच तिने हाताचं पीठ झटकलं, आणि घरी जाताना मात्र ती डोहाकडे वळून वळून पाहत गेली. चाचा ढिवरीण बाईबरोबर दगड परत डोंग्यात भरत राहिले.

आता रपट्याचं. पावसाळ्यात त्या नदीपलीकडची गावं तुटत. आजारी माणूस खाटेवर घालून लोक पाणी उतरायची वाट बघत काठावर बसत. कधी पाणी आधी उतरे, कधी माणूस जाई. नदीवर रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल बांधा, निदान दगडी फरशीवरून बस जाऊ द्या, एवढी साधी मागणी. आणि तिच्यासाठी आम्ही किती पत्रकं काढली, किती मोर्चे नेले, याचा मला अजून संताप येतो. अखेर मंजुरी आली. कामाचे इंजिनिअर आपला टॉर्च दुरुस्तीला घेऊन चाचांच्याच दुकानात बसले होते, मी तिथेच होतो. साहेब सहज म्हणाले, "जागा डोहाच्या कडेची धरली आहे, तिथे खालून खडक आहे. डोह मात्र दगडांनी भरून काढावा लागेल."

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी टॉर्च लावला, विझवला, पुन्हा लावला. मग विचारलं, "काम चालू कवा करता?"

पावसाळ्यानंतर, असं साहेब म्हणाले. आणि नंतर दोन पावसाळे झाले तरी एक दगड पडला नाही. म्हणून शेवटचा मोर्चा. त्या मोर्चात सर्वांत पुढे चाचा, भर दुपारी हातात पेटलेली गॅसबत्ती घेऊन. पोलिसाने विचारलं, हे काय? "सरकारले दिसत नाई म्हणते कोणी. म्हणून आणली." वाटेत मी हळूच म्हटलं, "चाचा, डोह बुजेल."

"बुजू दे ना बाबू. लोक कितीक दिवस काठावर उभे राह्यतील? मी एकटा उभा राह्यलो तर एवढं झालं."

विरोध आला तो भलत्याच बाजूने. संध्याकाळी चाचीने मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. "काऊन जी बाबू, रपटा दुसरीकडं नाई होत का? तुमचं एक पत्रक काढा ना."

"चाची, तुम्हीच तर नदीला सवत म्हणता!"

"सवत आहे म्हणून काय तिच्यावर धोंडे टाकाचे? अन् हा माणूस उन्हाळ्यात करल काय?"

मोर्चाने काम हललं. ते सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात चाचा रोज नदीवर जात, आणि या वेळी दुपारी चाची डबा घेऊन जाई. छत्री उघडून ती काठावर बसे आणि टोपल्यातली वाळू चिवडे. दहा पैसे निघाले की परत फेकी, आणि चाचा खेकसत, "परत नको फेकू, पुन्हा मलेच भेटते!" दगडांचे ट्रक आले त्याच्या आदल्या दिवशी ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चला जी घरी. मेहेर माफ केली मी." बुडवलेली मेहेर त्या घरात देणंच धरली होती, आणि बायकोने मेहेर माफ करायची रीत आहे; नवरा त्यातून सुटतो. पण चाचा इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "माफ काऊन? कुठी गेली ते? आहे ना तिथीच! खबरदार माफ केली तर!"

रपटा झाला. पहिल्या बसमध्ये आम्ही तिघंही होतो. डोहाच्या जागी फरशी, फरशीवर बस. चाचा खिडकीतून वाकून बघत होते आणि मला वाटलं, आता हा माणूस रडतो. ते वळले ते खुशीत. "पाहा बाबू. आजवर एकच भेव होतं, वाहून तर नाई गेली? आता सरकारनं वरून दगड ठेवला. पत्ता पक्का झाला."

पुढे मी अहेरी सोडली, पण जाणं-येणं राहिलं. चाचांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी भेटायला गेलो होतो. खाटेभोवती नातेवाईक बसलेले, एक म्हातारी चाचीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "मेहेर माफ कर बाई, बोल एकदा, त्यायले मोकळं कर." चाची भिंतीला टेकून बसली होती. "नाई करत," ती म्हणाली. "यायनंच सांगितलं होतं, खबरदार. अन् मोकळे होऊन यायले जाचं कुठी आहे?" चाचांनी डोळे उघडले, खुशीत मान हलवली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पाह्यलं? पक्की बाई आहे."

माफ तिने आजतागायत केलेली नाही. चाचांचा नाण्यांचा डबा तिच्या उशाशी असतो, वरचा खळगा रिकामा. मागच्या खेपेला चाची आणि मी सिरोंच्याच्या बसमध्ये बसून निघालो. रपटा आला तशी बस हळू झाली, पुढच्या बाकांवरच्या बायकांनी हात जोडले, कनवटीच्या पुरचुंड्या सुटल्या. मी जुन्या सवयीने उठून अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलणार, तेवढ्यात शेजारची म्हातारी खिडकीचा गज धरून माझ्याआधी उभी राहिली, चालत्या बसमध्ये, तोल जात असताना, आणि ओरडली, "टाकू नका जी! त्यायचा हिसाब बिघडते!"